नानांचा धूर आणि आमचा खड्डा

आपल्याकडे प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली असते आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. किश्श्यांचंही तसंच होतं. एक आठवला म्हणून ओढायला जावं, तर त्याला अडकून सगळेच बाहेर येतात आणि मग काही केल्या परत आत जात नाहीत.

परवा भाचीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. तिची आई गावाला गेलेली, म्हणून मी गेले. टाय लावलेले एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते की, मुलांना लहान वयातच पर्यावरणाची गोडी लावा. टाळ्या झाल्या. जाताना प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पाण्याची बाटली दिली. माझं डोकंच फिरलं. मुलांना गोडी लावा म्हणे! आम्हाला लागलेली गोडी मोडायला अख्खी बिल्डिंग कामाला लागली होती, ते कोणाला सांगू?

तर तुम्हालाच सांगते. नव्वदीची सुरुवात. आम्ही अंबरनाथला राहायचो, फॅक्टरीतल्या लोकांनी मिळून बांधलेल्या एका तीन मजली सोसायटीत. तळमजल्यावर आम्ही. माझे पप्पा फॅक्टरीत फिटर. पहिल्या मजल्यावर माझी मैत्रीण स्मिता, तिचे वडील त्याच फॅक्टरीत ऑफिसर. ज्युनिअर कॉलेजात आम्हाला आणखी दोघं भेटले. मनोज, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनचा सिंधी मुलगा, त्याच्या वडिलांचं जीन्स शिवायचं वर्कशॉप. आणि एकनाथ, बदलापूरच्या पुढच्या चामटोली गावचा, जो रोज सायकल मारत यायचा. असे आम्ही चौघं. पर्यावरण हा शब्द आम्ही फक्त परीक्षेत वापरायचो. आम्हाला एवढंच हवं होतं की स्मिताला श्वास घेता यावा.

स्मिताला दमा होता. आणि आमच्या सोसायटीला नाना होते.

*

नाना म्हणजे आमचे सेक्रेटरी. रिटायर्ड माणूस, पांढरा झब्बा-लेंगा, सोसायटी म्हणजे जणू त्यांची सासुरवाशीण. रोज पहाटे उठून ते बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपाशी, सगळ्यांचा कचरा गोळा करून पेटवायचे. कचराकुंडी होती की, नाक्यावर. पण तिथपर्यंत चालत जायला कोणाला होत नव्हतं. सगळे मागच्या मागे टाकायचे आणि नाना पेटवायचे. पेटवण म्हणून ते कॅम्प तीनमधून जीन्सच्या कातरणाची पोती आणायचे. वर्कशॉपवाले ती फुकट देत. चिंध्या धडधडून पेटतात आणि त्यांचा जो निळसर काळा धूर येतो, तो सरळ पहिल्या मजल्यावर स्मिताच्या खिडकीत.

मी नानांना जाऊन सांगितलं की धुरानं स्मिताला त्रास होतो. ते म्हणाले, धुरानं डास जातात. मी म्हटलं, डास जात असतील, पण स्मितापण जाईल. त्यावर ते जरा विरघळले. मला म्हणाले, तिला उद्या पहाटे खाली पाठव.

आम्हाला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी स्मिताला घेऊन मी खाली गेले. शेकोटी नेहमीसारखी धडधडत होती. नानांनी तिला शेकोटीशेजारी ताठ उभं केलं, स्वतः डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. आता पहाटेची शुद्ध हवा आहे. छाती भरून खोल श्वास घे."

*

खड्ड्याची आयडिया एकनाथची. तो एकदा आमच्याकडे आला होता, मागची राख बघून त्याला काही कळेचना. ओला कचरा जाळतात, हेच त्याला नवीन.

"आमच्यात कचरा नसतोच," तो म्हणाला. "खड्डा असतो. त्यात टाकायचा, वर माती लोटायची, न पुढच्या वर्षी भाताला घालायचा. जाळाय काय हाय त्यात?"

आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला. भाजीची देठं, सालं, पाला खड्ड्यात टाकू आणि बाकीचा कचरा आम्ही चौघं आळीपाळीनं सायकलवरून नाक्यावरच्या कुंडीत नेऊ. म्हणजे जाळायला काही उरणारच नाही. एवढं साधं. पण मीटिंगमध्ये असा गोंधळ उडाला की विचारू नका. कोणी म्हणे वास येईल, कोणी म्हणे साप येतील. एका गृहस्थांनी विचारलं की आपण शहरात फ्लॅट कशाला घेतला, उकिरड्याशेजारी राहायला? आणि शेकोटीचा वास येत नाही का, हे कोणी विचारलं नाही. रोजचा वास नाकाला कळत नाही, हेच खरं.

शेवटी नानांनीच परवानगी दिली. म्हणाले, खणू द्या, चार दिवसांत कंटाळतील. आम्ही खणला. एकनाथनं आम्हाला कुदळ धरायला शिकवली, कारण आम्हा तिघांना ती धरतासुद्धा येत नव्हती. खड्डा झाला, वर पत्रा टाकला. वास आला नाही. साप आले नाहीत. पाचव्या दिवशी एकच माणूस कंटाळलेला दिसला, ते म्हणजे नाना. त्यांना पेटवायला काही मिळत नव्हतं.

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही. पण पिशवीतून तोही बाहेर येतोच, आणि आजही तो आठवला की माझे कान तापतात.

सुरुवातीला स्मिता आणि मी दारोदार जाऊन ओला कचरा गोळा करायचो. दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. फार गोड बोलणं. त्यांनी दार उघडलं, स्मिताच्या हातावर सत्यनारायणाचा प्रसाद ठेवला. मग कचऱ्याची बादली पायानं माझ्याकडे सरकवली आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, "करुणा, तू उचल गं. स्मिताला कशाला? तुमच्यात सवय असते ना."

मी बादली उचलली, खाली आणली, खड्ड्यात रिकामी केली. संध्याकाळी पप्पांना सांगितलं. ते ड्युटीवरून येऊन चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. मग जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"माझ्या आज्यानं गावात मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, म्हणून त्याला मारला होता. धर्म बदलला, गाव सोडलं, ते तू सायन्सला जाऊन लोकांच्या दारातला कचरा उचलायला नाही. खड्डा चांगला आहे. पण ज्याची घाण त्यानं उचलायची."

दुसऱ्या दिवशी मी तिघांना सांगून टाकलं की मी आता यात नाही. का, तेही सांगितलं. मनोज आणि एकनाथ खाली बघत राहिले. संध्याकाळी स्मिता एकटी जिने चढली, प्रत्येक मजल्यावर थांबून दम घेत, आणि प्रत्येक घरी सांगून आली की उद्यापासून कचरा न्यायला कोणी येणार नाही, ज्याचा त्यानं खाली आणायचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं पण करुणा नेत होती ना?"

स्मिता म्हणाली, "म्हणूनच."

*

काकूंनी जिने उतरायला साफ नकार दिला. त्या खिडकीतून नेम धरून टाकायला लागल्या. खड्डा भिंतीपाशी, खिडकी दुसऱ्या मजल्यावर, आणि काकूंचा नेम देवाच्या हवाली. एका रविवारी नाना खाली उभे राहून आम्हाला खड्ड्यामुळे होणाऱ्या रोगांची माहिती देत असताना वरून कलिंगडाची सालं आली. झब्ब्यावर, लेंग्यावर, टकलावर.

त्याच संध्याकाळी फळ्यावर सेक्रेटरींच्या सहीनं सूचना लागली की सर्व सभासदांनी आपापला कचरा स्वतः हातानं नेऊन खड्ड्यात टाकावा. आम्ही महिनाभर जे समजावत होतो, ते कलिंगडानं एका दिवसात समजावलं.

सगळ्यात आधी कोण उतरायचं माहीत आहे? पप्पा. फॅक्टरीचा युनिफॉर्म घालून, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात आमच्या घरची बादली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पुढे ते कधीच थांबले नाहीत आणि त्यांच्यासाठी कधी बाजूलाही झाले नाहीत.

*

मधेच एक छोटा. आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वडे त्याच तेलात पुन्हा पुन्हा तळायचे. तेल इतकं काळं की कढईचा तळ दिसायचा नाही. स्मिताला ते वडे खाल्ले की खोकल्याची उबळ यायची. मग एकनाथ घरून उकडलेल्या शेंगा, काकड्या, कधी भाजलेलं मक्याचं कणीस आणायला लागला. आम्ही चौघं ते खायचो. हळूहळू अर्धा वर्ग आमच्या बाकाभोवती जमायला लागला.

कॅन्टीनवाल्यानं तक्रार केली. एका सरांनी आम्हाला बोलावलं आणि झाडलं की, कॉलेजात बहिष्काराचं राजकारण चालणार नाही, शिस्त म्हणजे शिस्त, कॅन्टीन ही विद्यार्थ्यांची सोय आहे. एकनाथची पिशवी त्यांनी पुरावा म्हणून टेबलावर ठेवून घेतली होती. अर्धा तास आम्ही मान खाली घालून ऐकत होतो. सरांचं बोलणं संपलं तेव्हा त्यांच्या पुढ्यात शेंगांच्या टरफलांचा ढीग होता.

*

नाना काही स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते. ओला कचरा गेला तरी कातरणाची पोती येतच होती. चार कागद, दोन चिंध्या, पण शेकोटी पेटायची म्हणजे पेटायची. तेव्हा मनोज म्हणाला, आपण पेटवणच पळवू. कातरण माझ्या पप्पांच्या वर्कशॉपमधून येतं ना, मग तिथेच अडवू.

आम्ही कॅम्प तीनला गेलो. गल्ली एवढी अरुंद की शेअर रिक्षानं नाक्यावरच सोडलं. वर्कशॉपमध्ये आठ-दहा मशिनी एकदम घुरघुरत होत्या आणि गुडघाभर निळ्या तुकड्यांत कारागीर बसले होते. मनोजच्या वडिलांनी आम्हाला बसायला तागे दिले. नानांना ना म्हणायची त्यांची तयारी नव्हती. बुजुर्ग माणूस आहे, बिचारा आपला कचरा फुकट उचलून नेतो, उलट त्यांनाच चहा पाजायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मग मनोजनं दुपारच्या सुट्टीत स्वतः मशीनवर बसून तुकड्याला तुकडा जोडून एक पिशवी शिवली. बाजाराची, चांगली मजबूत. कातरण याच्यात वापरू, असं त्यानं सांगितलं.

वडिलांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, आता ओरडतील की वाया गेलेल्या मालाची थैली करून मार्केटमध्ये नाक कापतोस.

"शिलाई टेढ़ी है," ते म्हणाले. "मेरी मशीन से टेढ़ा माल बाहर जाएगा? उठ साईं, उठ वहाँ से."

आणि ते स्वतः मशीनवर बसले. त्या दिवसापासून नानांना पोती मिळेनाशी झाली. नानांनी मनोजच्या वडिलांशी अबोला धरला, पण त्यांना तो कळलाच नाही, कारण मशीनच्या आवाजात त्यांना तसंही काही ऐकू येत नसे.

*

पिशव्या आम्ही सोसायटीत घरटी एक अशा वाटल्या. बाजारात कॅरीबॅग घेऊ नका, ही घ्या. तेव्हा कॅरीबॅगा नुकत्याच सगळीकडे झालेल्या आणि बायकांना त्यांचं भारी कौतुक. भाजीवाला गवारीला एक, मिरचीला एक, लिंबाला एक अशा पिशव्या द्यायचा. त्याच जळल्या की स्मिताला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. प्लास्टिकचा धूर घशात चिकटून बसायचा.

पिशव्या सगळ्यांना आवडल्या. फारच आवडल्या. मजबूत आहे, जीन्सची आहे, फॅशनेबल आहे, असं जिन्यात चार दिवस चाललं होतं. आम्ही हवेत.

मग मी एकदा कॅम्प तीनच्या मार्केटमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बघितलं. दोन्ही हातांत भाजीनं भरलेल्या कॅरीबॅगा. मी विचारलं, काकू, आमची पिशवी? काकूंनी एक कॅरीबॅग उघडून दाखवली. आत आमची पिशवी होती, नीट घडी घातलेली, रिकामी.

"इतकी छान आहे गं," त्या म्हणाल्या, "मळू नये म्हणून प्लास्टिकमध्येच ठेवते."

*

आता स्मिताच्या आईबद्दल सांगते. बाई वाईट नव्हती. रात्र रात्र मुलीला मांडीवर टेकवून बसायची. पण तिला दम्यापेक्षा दम्याची बातमी बाहेर फुटायची भीती जास्त. स्मिताच्या मोठ्या बहिणीची लग्नाची बोलणी चालू होती आणि घरात दमा आहे कळलं तर स्थळ परत जाईल, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

डॉक्टरांनी स्मिताला तोंडात मारायचा पंप दिला होता. नवीनच होतं ते तेव्हा. श्वास अडकला की दोनदा मारायचा, असं सांगितलेलं. आणि म्हणाले होते, थोडी सायकल चालव, छाती मोकळी होईल. एकनाथनं तिला मैदानात सायकल शिकवली. पंधरा दिवसांत ती दोन चकरा न थांबता मारायला लागली. इतकी हसायची ती सायकलवर! लगेच जिन्यात कुजबुज सुरू झाली. मुलगी मुलाबरोबर मैदानात, तोही गावातला मुलगा. सायकल बंद झाली. ज्या बायांना रोजचा धूर कधी दिसला नव्हता, त्यांना तिसऱ्या मजल्यावरून मैदानातला एकनाथ बरोब्बर दिसला.

पंपाचं तर विचारूच नका. तो पिठाच्या डब्यामागे. कोणी आलं की स्मिता मोरीत जाऊन मारायची. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा आईनं स्मितालाच आमच्या घरी पाठवून दिलं. पंप जीन्सच्या पिशवीत, त्यावर टॉवेल, टॉवेलवर केळी. चार पायऱ्या उतरून यायचं होतं तिला!

माझी आई ते बघून म्हणाली, बाई गं, धूर लपवायचं कोणाला सुचत नाही, औषध मात्र लपवतात. स्मितानं केळी काढून माझ्या भावाला दिली आणि आमच्या हॉलमध्ये, खिडकीत उभं राहून, पंप मारला. म्हणाली, तुमच्याकडे बरं वाटतं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती पंपावर टॉवेल घालून पिशवी पुन्हा पहिल्यासारखी करून वर गेली.

*

आणि आता शेवटचा.

आमच्या भागातल्या एका मंडळानं स्वच्छ इमारत स्पर्धा ठेवली आणि आमच्या बिल्डिंगचा पहिला नंबर आला. खड्ड्यातलं खत घालून आम्ही पुढे सदाफुली आणि तुळस लावली होती, ती बघून परीक्षक खूश झालेले. बक्षीस द्यायला कोणीतरी मोठे पाहुणे येणार होते. रविवारी सकाळी, बिल्डिंगसमोरच्या मैदानात. मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर. नानांनी चार दिवस आधीपासून नवा झब्बा इस्त्रीला दिला होता.

मुलांच्या वतीनं दोन शब्द स्मिता बोलणार होती. तिनं भाषण पाठ केलं होतं. मला म्हणून दाखवलं होतं. त्यात नानांचे आभार होते, सगळ्यांचे होते, अगदी कलिंगडाचेही होते. शेवटी एकच विनंती होती की, मागे आता पुन्हा कधीच काही जाळू नका.

रविवारी सकाळी मला जाग आली ती ओळखीच्या वासानं. मागे धावले. नानांनी खड्ड्यावरचा पत्रा काढून वरचा सगळा सुका पाला बाहेर ओढला होता. त्यावर पाहुण्यांसाठी आणलेल्या थर्माकोलच्या प्लेटांची खोकी, प्लास्टिकची वेष्टणं, मंडपवाल्यानं टाकलेला कचरा. वरून घासलेट. एवढी मोठी शेकोटी आम्ही कधी बघितली नव्हती. मनोज आणि एकनाथ नुकतेच आलेले, ते बादल्यांनी पाणी मारत होते आणि पाण्यानं धूर आणखी वाढत होता.

मी नानांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर ओरडले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय.

"अगं, पाहुणे खड्डा बघायला मागे आले तर?" ते म्हणाले. "स्वच्छ दिसायला नको?"

मी स्मिताकडे गेले. ती खिडकीपासून लांब, कॉटच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. खांदे वर-खाली होत होते. तिची आई पदरानं वारा घालत होती. मी म्हटलं, तू येऊ नकोस, मी बोलते. तिनं मान हलवली. पिठाच्या डब्यामागून पंप काढून तिनं जीन्सच्या पिशवीत टाकला. टॉवेल घेतला नाही.

आई म्हणाली, "स्मिता, अगं सगळे आहेत तिथे. ताईच्या सासरचे पण आलेत." सासरचे म्हणजे होणारे. बोलणी जुळली होती, साखरपुडा व्हायचा होता, आणि त्यांना नानांनीच हौसेनं आमंत्रण दिलं होतं. स्मिता जिना उतरली. आई मागोमाग.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. नाना बोलले. त्यांनी सांगितलं की स्वच्छता त्यांना लहानपणापासून प्रिय, खड्डा त्यांच्या मार्गदर्शनाखाली खणला गेला आणि मुलांना शिस्त लावायला त्यांना किती कष्ट पडले. पाहुण्यांनी मान डोलावली. मंडपावर धुराचा पातळ पट्टा तरंगत होता, त्यातून सगळे टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खोकून खोकून टाळ्या वाजवत होत्या. पप्पा मागे उभे होते, हाताची घडी घालून.

मग स्मिताचं नाव पुकारलं.

ती माइकसमोर गेली. तोंड उघडलं. आवाज फुटेना. लाउडस्पीकरवर सगळ्या मैदानाला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आत जाताना चिरकणारा, बाहेर येताना शिट्टी वाजणारा. पाहुणे नानांकडे बघायला लागले. नानांनी माइकवाल्याला खूण केली. पुढच्या रांगेत ताईच्या होणाऱ्या सासूबाई शेजारणीच्या कानाशी लागल्या.

स्मितानं पिशवीत हात घातला. पंप काढला. तिथेच, सगळ्यांसमोर, हलवला, तोंडाला लावला आणि दाबला. माइकमधून फस्स असा आवाज सगळ्या मैदानभर गेला. माइकवाल्याचा हात बटणावर होता, तो तसाच राहिला.

स्मितानं पंप खाली घेतला आणि पुढच्या रांगेत आईकडे बघितलं.

तिची आई उठून उभी राहिली. चांगली साडी, अंबाडा, गजरा. तिनं आधी नानांकडे बघितलं, मग होणाऱ्या विहिणीकडे, आणि मग मुलीकडे. आणि माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"एकानं नाही होत, स्मिता. डॉक्टरांनी दोन सांगितलेत. दुसरा घे, आणि मग बोल."